कोण कुठं निजतं

कोबे शहरात दरवर्षी १७ जानेवारीला माणसं अंधारातच हिगाशी युएन्ची उद्यानात जमतात, बांबूच्या नळकांड्यांत दिवे लावतात आणि ५ वाजून ४६ मिनिटांनी डोळे मिटतात. १९९५ मध्ये याच मिनिटाला झालेल्या भूकंपाने ६,४३४ बळी घेतले. बहुतेक जण कोसळलेल्या घरांखाली गेले, आणि त्यांत जुनी लाकडी घरं फार होती. वादळवाऱ्यात टिकावीत म्हणून त्यांच्यावर मातीत बसवलेली जड कौलं असत.

हे कळलं तेव्हा मला औसा तालुक्यातलं आमचं माळवद आठवलं. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून त्यावर मातीचे थर चढवत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव नुकतंच झोपलेलं असताना, भूकंपात ती माती आणि रुंद दगडी भिंती माणसांच्या अंगावर आल्या. मी शाळकरी होतो.

पुढे पत्र्याच्या शेडात जो तो कारण शोधत होता. विसर्जनात काही चुकलं, कुणाचं तरी पाप भोवलं. आजी माळकरी, रोज हरिपाठ म्हणणारी. पण हे बोलणं ती चालू देत नसे. "पाळण्यातल्या लेकरानं कसलं पाप केलं रं?" एवढंच विचारायची. समोरचा गप्प व्हायचा.

त्या पहाटे धुळीत, ढिगाऱ्यावर उभी राहून ती सांगत होती, "हितं उकरा, थोरली जाऊ बळदापाशी निजती. पोरं ढाळजंत हायत."

कोबेच्या भूकंपात जवळच्या आवाजी बेटावरच्या होकुदानमध्येही असंच घडलं. कोणत्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे गावाला पाठ होतं, म्हणून अडकलेल्यांना त्याच दिवशी बाहेर काढता आलं.

भूकंप देवाने केला असं मी मानत नाही. जमिनीखाली साठलेला ताण मोकळा होताना कुणाचं पाप-पुण्य पाहत नाही. पण शेजारीण कुठं निजते हे ठाऊक असण्याइतकी माया माणसात कुठून येते, याचं उत्तर मला भूगर्भशास्त्रात सापडत नाही. तिथे मी आजीच्या विठ्ठलाला हात जोडतो. आमच्या इमारतीतल्या भूकंपाच्या कवायतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना मी त्या कुठे झोपतात ते विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि माझंही विचारून घेतलं.

आईचं मात्र वेगळं. तिची धाकटी बहीण जिवंत निघाली नाही. पुनर्वसनाच्या नव्या घरात आईने देवघर मांडलंच नाही. आजीने त्यावरून तिला कधी एका शब्दानेही टोकलं नाही. एकादशीला स्वतः निर्जळी उपास करायची, आणि आईसाठी गरम भाकरी थापायची.