सेलूच्या परसातले पाहुणे

सेलू हे काही मुद्दाम पाहायला जावे असे गाव नव्हे. मनमाडहून परभणीकडे जाणारी रात्रीची गाडी परतूर मागे टाकून उजाडता उजाडता तेथे थांबते, आणि दिवाळीच्या सुमारास खिडकीच्या दोन्ही अंगांना कापूसच कापूस दिसतो. माझी मावशी तेथे राहते. मुंबईच्या दोन खोल्यांत जन्म काढलेल्या मला तिच्या घरापेक्षा मागल्या परसाचे अप्रूप अधिक. लिंबू, कढीपत्ता, चार वांगी आणि मांडवावर चढलेली वालपापडी!

गेल्या वसुबारसेला सकाळी दात घासत परसात उभा होतो. पापडीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसलेला, आणि त्यातून फिरणाऱ्या विचित्र अळ्या. काळसर, खडबडीत, सहा पायांच्या; सुसरीची पिल्लेच जणू. मावशीचा वेल वाचवण्याचे पुण्य आयते पदरात पडते आहे असे वाटून मी मांडवाच्या डाव्या अंगाच्या अळ्या काडीने पाडल्या आणि चपलेखाली चिरडल्या. वीस-पंचवीस तरी असतील.

“अरे, काय करायलास?” मावशी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. “कामाची माणसं मारलीस की रे!”

शेजारची सून परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली. तिला बोलावणे गेले. तिने चिरडलेल्यांकडे पाहिले, पण मला बोलली नाही, हे तिचे सौजन्य. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. बालवाडीच्या पुस्तकात लेडीबर्ड म्हणून जो गोंडस किडा असतो, त्याचे बालपण असे कुरूप असते, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कोणी सांगितले नव्हते!

“दादा, नाव नंतर विचारा, आधी तो काय खातो ते बघा,” ती म्हणाली. तिने उरलेल्यांपैकी एक अळी माव्याच्या शेंड्यासह मुरंब्याच्या बरणीत ठेवली आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधले. संध्याकाळी पाहतो तो शेंडा जवळजवळ स्वच्छ. पान शाबूत होते, मावा गेला होता.

पण सगळेच ढालकिडे सज्जन नसतात, बरे का. वांग्यावर एक निस्तेज, पुष्कळ ठिपक्यांचा भाऊबंद बसला होता. त्याची अळी पिवळी आणि काटेरी. त्याने पानाची नुसती जाळी केली होती. कढीपत्त्याच्या पानाखाली केसासारख्या देठांवर पांढरे ठिपके उभे होते. मावशी त्यांना बुरशी समजे. ती निघाली क्रायसोपाची अंडी. त्याच्या अळ्याही माव्यावर तुटून पडतात.

सर्वांत मौज खिडकीच्या चौकटीतल्या मातीच्या मडक्याची. कुंभारणीचे घर ते. ती अळी आणून कोंडते, अळी तिचे ध्यान करता करता तिच्यासारखीच होते, असे कीर्तनात ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. प्रत्यक्षात ती अळीला डंख मारून लुळी करते आणि पिल्लाची शिदोरी म्हणून आत ठेवते. भृंगकीटन्यायाचा हा उलगडा ऐकून मावशी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे पाने खाणाऱ्या अळ्याच नेते ना? मग राहू दे तिला तिथेच.”

1888 साली कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा खवलेकिडीने बुडायला आल्या होत्या, तेव्हा ऑस्ट्रेलियाहून ढालकिडे आणून सोडले. वर्षभरात बागा सावरल्या. लोक समुद्रापलीकडून जे आणतात, ते मी चपलेखाली घेतले होते.

पाडव्याच्या सकाळी पानाला चिकटलेला एक कोष फुटला. बाहेर आलेला ढालकिडा फिकट पिवळा, अगदी कोरा होता. मी चहा घेऊन तेथेच बसलो. दोन-तीन तासांत पाठीवर नागमोडी काळ्या रेषा उमटत गेल्या, फोटो धुताना उमटावा तशा.

भाऊबीजेला निघताना मांडव पाहिला. उजवे अंग शेंगांनी लगडलेले होते. डाव्या अंगाचे शेंडे माव्याने काळे पडून गुंडाळले होते, आणि माव्याच्या गोड रसासाठी मुंग्यांची रांग लागली होती. मी फवारणीचे नाव काढताच मावशीने हात वर केला. चुलीतली राख आणि पाण्याचा मारा एवढेच ती करणार होती. बाकी उजवीकडचे पाहुणे आपोआप डावीकडे येतील, असे वहिनींनी सांगितले होते.

पापडीची पिशवी माझ्या हातात देत मावशी म्हणाली, “घे. तू हात लावला नव्हतास त्या बाजूची आहे.”