पाठीवरचं मूल

मूल पाठीला बांधताना सगळ्यात अवघड असतो तो मधला क्षण. आपण कमरेतून वाकलेल्या, बाळ पाठीवर पालथं, एक हात त्याच्या बुडाशी आणि दुसऱ्या हाताने कापड त्याच्यावरून ओढायचं. दिसत काहीच नाही. जे कळतं ते पाठीलाच कळतं: गुडघे दोन्ही बाजूंना नीट फाकलेत का, मान कुठे वळलीय, कापड एकीकडे सैल पडतंय का. मग एक टोक खांद्यावरून आणि दुसरं काखेखालून पुढे घ्यायचं, छातीवर गाठ आवळायची आणि उभं राहण्याआधी अंगाला हलका हिसका देऊन बाळाला वर सरकवायचं. ते वर बसलं की ओझं खांद्यांवरून पाठभर पसरतं. खाली लोंबलं तर अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते.

मला हे शिकवलं ते इथल्या, छत्तीसगडमधल्या रसमड़्यातल्या शेजारणीने. ती जशपूरकडची उराँव आदिवासी. तिकडे या कापडाला बेतरा म्हणतात. तिचा बेतरा हातमागाचा, जाडसर सुती, पांढरा आणि लाल काठाचा, कितीदा तरी धुऊन मऊ पडलेला. माझ्याकडची गुळगुळीत ओढणी तिने हातात धरली आणि तशीच परत दिली. घामाने ती सरकेल, सुती कापड अंगाला धरून राहतं. पहिल्यांदा तिने मला बाळ दिलंच नाही. पाच किलो तांदळाची पिशवी पाठीला बांधून अंगणात फिरायला लावलं, खाली बसवलं, पुन्हा उठवलं. बाळाची पाळी आली तेव्हा मला पलंगाच्या कडेशी उभं केलं आणि स्वतः मागे हात पसरून थांबली. "कसके बाँधो दीदी, ढीला रहेगा तो बच्चा भी डरेगा, तुम भी डरोगी," म्हणाली. गाठ घट्ट बसल्यावर माझी भीती खरंच गेली.

दुर्ग सोडून शिवनाथ ओलांडली की हावडा-मुंबई मार्गावर रसमड़ा हे लहानसं स्टेशन लागतं. पुढे राजनांदगाव, डोंगरगड आणि मग गोंदिया, म्हणजे आपला मुलूख. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली, आणि नागपूर-वर्ध्याकडची मराठी घरं नोकरीच्या ओढीने इकडे येऊन राहिली. रसमड़्याची औद्योगिक वसाहत त्या मानाने अलीकडची. इथे स्पंज आयर्नच्या चिमण्या आहेत, दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसते, आणि कामासाठी चहूकडून आलेली माणसं एकमेकांच्या शेजारी नांदतात. नागपूरला राहिले असते तर मला बेतरा कोण शिकवणार होतं?

आपल्याकडे मूल कडेवर असतं, मांडीवर असतं, पाळण्यात असतं, नाहीतर आढ्याला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत. पाठीवर नसतं. बाळ बघायला आलेल्या माझ्या आईने दारातूनच विचारलं, "अगं, हे काय मजुरणीसारखं? पाय फेंगडे होतील त्याचे!" पायांची काळजी तिला मनापासून होती, आणि बायकांच्या तोंडी ती सर्रास ऐकू येते. हाडांच्या डॉक्टरांचं म्हणणं मात्र उलट आहे. तान्ह्या बाळाच्या खुब्याची वाटी अजून पुरती घडलेली नसते. पाय सरळ ताणून गच्च गुंडाळले तर मांडीचं हाड त्या वाटीतून निसटू शकतं. पाय फाकलेले आणि गुडघे बुडापेक्षा वर असतील तर ते वाटीत नीट बसतं. जपानमध्ये 1975 च्या सुमारास, बाळाचे पाय सरळ बांधू नका, अशी देशभर मोहीम झाली. त्याआधी तिथे शंभरात एक ते तीन बाळांचा खुबा निखळलेला सापडे, नंतर हे प्रमाण हजारात दोनच्याही खाली आलं. बेतऱ्यात बाळ नेमकं तसंच बसतं.

पायांचं आईला पटलं. "मजुरणीसारखं" हा शब्द मात्र तिने मागे घेतला नाही, आणि मला तोच जास्त लागला होता. पाठीला मूल बांधलेली बाई म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पहिली येते ती झाशीची राणी. ती तांब्यांची मनकर्णिका, आपलीच. दत्तक घेतला तेव्हा, 1853 साली, दामोदरराव पाच वर्षांचा होता. म्हणजे राणी झाशीच्या किल्ल्यातून निसटली त्या 1858 च्या एप्रिलमध्ये तो नऊच्या घरात असणार. पुतळ्यांत आणि चित्रांत मात्र तो तान्हा दिसतो, कारण बघणाऱ्याला पाठीवर तान्हंच हवं असतं. त्या चित्रापुढे आपण हात जोडतो. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर तशीच गाठ मारून उभी असलेली बाई दिसली की मात्र आपल्याला फक्त तिची गरिबी दिसते. तिच्या हातांतलं कसब दिसत नाही. ते कसब आहे, आणि शिकायला वेळ लागतो, हे मी स्वतः वाकल्यावर मला कळलं.

अमेरिकेत हे कसब विकत मिळतं. ॲन मूर नावाची परिचारिका 1960 च्या दशकात पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक दलाकडून आफ्रिकेतल्या टोगोत गेली होती. तिथल्या आयांच्या पाठीवरची शांत मुलं तिने पाहिली, आणि परतल्यावर स्वतःच्या मुलीसाठी आपल्या आईकडून तशी पिशवी शिवून घेतली. तिचं 'स्नगली' झालं, 1969 मध्ये पेटंट मिळालं, आणि आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत अशा पट्टेवाल्या पिशव्यांच्या किमती हजारांत असतात. घ्याव्यात, त्या चांगल्या असतात. पण त्यांच्या मुळाशी टोगोच्या बायका आहेत, हे विसरू नये.

बाळ पाठीवर असलं की आपण त्याच्याकडे सारखं बघत नाही, मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. शिकलेल्या घरांत आपण तान्ह्या मुलाच्या तोंडासमोर सतत तोंड नेतो, खुळखुळे वाजवतो, त्याच्या प्रत्येक हुंकाराला उत्तर देतो. मग दमतो आणि त्याला एकटं निजवतो. पाठीवरच्या बाळाला एवढं लक्ष मिळत नाही, सोबत मात्र अखंड मिळते. मी तांदूळ निवडते, अंगण झाडते, शेजारीपाजारी बोलते, आणि ते माझ्या खांद्यावरून तेच बघत असतं. कंटाळलं की गाल टेकवून झोपतं. झोप लागल्याचंही मला पाठीलाच कळतं, अंग सैल होतं आणि श्वास लांबतो. मॉन्ट्रियलमध्ये 1986 साली झालेल्या एका अभ्यासात, रोज जास्त वेळ अंगावर वागवलेली बाळं सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडली. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की आई उचलून चालायला लागताच बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. नुसतं घेऊन बसण्याने तेवढं होत नाही.

पथ्यं मात्र कडक आहेत. मान धरल्याशिवाय बाळाला पाठीवर घ्यायचं नाही. नाकावर कापड येऊ द्यायचं नाही, हनुवटी छातीला टेकता कामा नये. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2010 मध्ये झोळीतल्या बाळांच्या गुदमरण्याबद्दल इशारा दिला होता, आणि तो मुख्यतः चार महिन्यांखालच्या बाळांसाठी होता. पाठीवर बाळ असताना मी फोडणी करत नाही. दुर्गच्या मे महिन्यात दुपारी बांधतच नाही, दोन अंगांची ऊब दोघांनाही सोसवत नाही.

मात्र शेजारणीचं कौतुक करताना एक गोष्ट मला सारखी टोचते. मी हौसेने बांधते, तिने थोरल्याला बांधलं ते कामावर त्याला ठेवायला जागा नव्हती म्हणून. त्याला पाठीवर घेऊन तिने घमेली उचलली, सिमेंटच्या धुळीत. 30 हून जास्त बायका कामाला असतील त्या कारखान्यात पाळणाघर हवं, असं 2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा कारखाना कायदा सांगत असे. बांधकामासाठी तसाच नियम 1996 च्या कायद्यात होता, तिथे आकडा 50 चा. पण ठेकेदाराच्या हाताखाली आठ-दहा जणीच असतात, आणि त्यांची मुलं कुठल्याच आकड्यात बसत नाहीत. बीडच्या ऊसतोड बायकांची मुलंही अशीच फडाच्या कडेला, बैलगाडीला टांगलेल्या झोळीत वाढतात. बेतरा सुंदर आहे, म्हणून पाळणाघर नको, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. आईला दोन्ही मिळायला हवं, पाठीवर घ्यायची मोकळीक आणि खाली ठेवायला सुरक्षित जागा.

शेजारणीने मला जाताना तिचा जुना बेतरा दिला. तिच्या नवऱ्याचं इथलं काम संपलं आणि ते गावी परतले. आता माझा नवराही बांधतो. त्याच्या पाठीला ते कापड अपुरं पडतं, गाठीला टोकं उरत नाहीत, म्हणून दुर्गच्या बाजारातून लांब सुती पंचा आणला. रविवारी तो बाळाला पाठीवर घेऊन भाजीला जातो. भाजीवाल्या हमखास विचारतात, "महतारी कहाँ हे?" तो सांगतो, घरी आहे, आणि मेथीच्या दोन जुड्या उचलतो.