माळवदाखालचे घर

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी. लातूरला पोचली. पुढे औसा, लामजना मागे टाकून किल्लारीला उतरलो. जायचे होते आत्याच्या गावी, पण जुन्या किल्लारीची जागा पाहिल्याशिवाय पाय पुढे निघेना. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. धक्का ६.२ रिश्टरचा. थकून झोपलेली हजारो माणसे आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली.

घरे का पडली, हे आत्याच्या ओसरीत बसल्यावर नीट कळले. तिचे घर धाब्याचे. मामांनी गिरणीच्या पगारातून पैसा-पैसा साठवून बांधलेले. गावाच्या कडेला कुडाच्या खोपटात जन्मलेल्या माणसाने दोन हात जाडीची दगडी भिंत उभारली, याचा आत्याला केवढा अभिमान! त्या घराने १९९३ चा धक्का सोसला, पण भेगा पडल्या. गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीला पोट आले.

ही भिंत दिसते जाड, पण आत दोन वेगळ्या भिंती असतात. मधे दगडगोटे आणि माती. दोन्ही बाजूंना बांधणारा लांब दगड नाही. पाणी मुरले की आतली माती फुगते, खचते आणि बाहेरचा थर सुटतो. वर माळवद. गळू लागले की दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर. दहा फूट लांब-रुंद खणावर एक फूट माती म्हणजे चार टनांहून जास्त ओझे! पाऊस अडवायला टाकलेली मातीच भूकंपात जीव घेते. त्या रात्री कितीतरी घरांचे लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती मात्र ढासळल्या. हलक्या छपराच्या खोपटांतले बरेच गरीब वाचले.

गवंडी म्हणाला, "आधी तुळयांना टेकू द्या, मग माती उतरवा."

आत्या गप्पच. मग म्हणाली, "लेका, मामांनी वाहिलेली माती हाय ती. पत्रा घालून पुन्हा खोपटात बसू का?"

मला उत्तर सुचेना. शेवटी म्हणालो, "आत्या, मामांनी घर तुमच्यासाठी बांधलं, मातीसाठी नाही. खांब-तुळया त्यांच्याच राहतील."

बराच वेळ ती भिंतीकडे पाहत राहिली. मग उठून टोपली घेऊन आली.

आठ दिवस मी राहिलो. माती उतरली. पोट आलेला भाग वरून खाली उकलला आणि त्याच दगडांनी पुन्हा रचला. दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड घातले. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सळईचा काँक्रीटचा पट्टा फिरवला. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरपे लाकूड ठोकले. पत्रे हुकांनी घट्ट आवळले. वळवाच्या वादळात पत्रे उडू नयेत म्हणून लोक वर दगड ठेवतात, पण तेच दगड डोक्यात पडतात. भिंतीच्या पायथ्याशी बाहेर उताराचा ओटा केला, पागोळ्यांचे पाणी दूर जावे म्हणून.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसली. भूमिहीनांच्या वाट्याला २५० चौरस फुटांचे घर आले, मोठ्या जमीनवाल्यांना ७५०. म्हणजे घर मोजतानाही जमीनच मोजली गेली. ज्यांच्या हाती जमीन नाही, त्यांनी आपली भिंत आपणच राखली पाहिजे.

वाचकहो, पावसाळ्याआधी घराला बाहेरून एक फेरी मारा. भिंतीवर हात फिरवा. कुठे पोट आले आहे का, पायथा ओला आहे का, वर किती माती साठली आहे, हे पाहा.

निघताना आत्या ओसरीतच होती. वर पाहून म्हणाली, "घर हलकं झालं रे. मलाबी आता झोप लागंल."