किशच्या बेटावर

आम्ही कोकणातली पोरं व्हिजिट व्हिसावर दुबईला गेलो. नोकरी ठरली, पण कामाचा परवाना हाती येईपर्यंत तेव्हा देशाबाहेर जावं लागे. मुंबईचं तिकीट परवडेना, म्हणून इराणचं किश बेट. तिथं व्हिसा लागत नसे. एका खोलीत सात जण. कुणाचा कागद चार दिवसांत येई, कुणाचा महिनाभर नाही. घरी फोनवर मात्र, ‘कामावरच आहे, अम्मी.’ दुसरं काय सांगणार?

१० फेब्रुवारी २००४ रोजी किशहून शारजाला गेलेलं विमान उतरताना कोसळलं. ४६ पैकी ४३ जण गेले. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाचा परवाना आला. बोट मिळते का, म्हणून तो बंदरावर विचारून आला. मग गुपचूप विमानातच बसला.