हिरवळीवरचा मठ

गोल्फ आम्ही कधी खेळलो नाही. तरीही आयर्लंडमधील अडेर मॅनर या आलिशान विश्रामधामाने आम्हांस विचारात पाडले. समुद्रकाठच्या वालुकामय मैदानांहून निराळे, वृक्षराजीने नटलेले हे मैदान २०२७ च्या रायडर चषकासाठी निवडले गेले. त्याच्या शेजारच्या हिरवळीवर १४६४ साली स्थापन झालेल्या फ्रान्सिस्कन मठाचे भग्नावशेष उभे आहेत. दारिद्र्यव्रती धर्मबंधूंच्या प्रार्थनास्थळाशेजारी आज धनिक पाहुणे सुट्टी घालवतात. याचा आम्हांस विषाद नाही. विश्रांती ही देवाचीच आज्ञा आहे. मात्र ती दासदासींनाही लागू होती. म्हणून वाचकहो, सुट्टीचे बेत आखताना, हिरवळ राखणाऱ्या माळ्याला आणि आपल्या घरच्या मोलकरणीला विश्रांती केव्हा, हाही प्रश्न आपण स्वतःस विचारू या.