अर्ज म्हणजे याचना नव्हे



'अर्ज' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. शेर ऐकवण्यापूर्वी शायर 'अर्ज है' म्हणतो. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ समोर मांडणे असा आहे. मुदत, नक्कल, सही, रुजू हे शब्दही अशाच वाटेने मराठीत आले. तेव्हा मराठीत अर्ज लिहायला बिचकू नका. मात्र अर्ज म्हणजे मांडणे, हे विसरू नका. एका माजी विद्यार्थिनीच्या अर्जावरून हे मी तुम्हांला सांगतो.

ही मुलगी आमच्या चिंचोटीची. तिचे वडील चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर टेम्पो चालवतात. गावाकडची जमीन विकून आणि बँकेचे कर्ज काढून त्यांनी तिला वैमानिकाचे शिक्षण दिले. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात किमान 200 तासांचे उड्डाण लागते. लेखी परीक्षा आणि कडक वैद्यकीय तपासणीही असते. हे सारे तिने पार पाडले. पण परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. बँकेचे हप्ते सुरू झाले आणि तिच्या चार अर्जांना साधे उत्तरही आले नाही. पाचवा अर्ज घेऊन ती माझ्याकडे आली.

अर्ज इंग्रजीत होता. मी म्हटले, "आधी यातला मजकूर आपल्या भाषेत सांग." सुरुवातीला आकाशात उडण्याचे बालपणीचे स्वप्न होते. शेवटी वडिलांचे कर्ज आणि मेहेरबानीची विनंती होती.

"सर, यात खोटे काहीच नाही," ती म्हणाली.

"खोटे नाही बेटा. पण अर्ज वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो, दीडशे प्रवाशांचे प्राण हिच्या हाती सोपवावेत का? त्याचे उत्तर यात कुठे आहे?"

मग आम्ही नव्याने लिहायला बसलो. पद कोणते, परवाना कोणता, एकूण उड्डाण किती तासांचे, त्यांपैकी विमानाची सूत्रे पूर्णपणे तिच्याकडे किती तास होती, वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत कधीपर्यंत आहे, हे क्रमाने मांडले. तासांचा आकडा थोडा वाढवून लिही, असे एका नातेवाइकाने तिला सुचवले होते. तिने ते ऐकले नाही. प्रत्येक उड्डाणाची नोंद लॉगबुकात असते आणि ती तपासली जाते. 2011 साली खोट्या गुणपत्रिका देऊन परवाना मिळवणारे काही वैमानिक आपल्या देशात पकडले गेले होते.

"एखादा कठीण प्रसंग आला होता का?" मी विचारले. ती थोडी संकोचली. एकटीने लांबचे उड्डाण करताना समोर काळे ढग दिसले आणि ती अर्ध्या वाटेतून परत फिरली होती. कमीपणा वाटला म्हणून तिने ते लिहिले नव्हते. मी म्हटले, "हेच लिही. वेळीच परत फिरणारा वैमानिकच प्रवाशांना सुखरूप नेतो." त्या तीन ओळी अर्जात आल्या आणि कर्जाच्या ओळी गेल्या.

मित्रांनो, नकार थोरांनाही चुकलेला नाही. प्रेम माथुर यांना अनेक विमान कंपन्यांनी नाकारले. अखेर 1947 साली हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना वैमानिक म्हणून घेतले. पुढे 1985 साली इंडियन एअरलाइन्सच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिला कर्मचारी असलेल्या विमानाचे कलकत्ता-सिलचर मार्गावर नेतृत्व केले. कुणीतरी अर्ज करत राहिले, म्हणूनच पुढच्यांसाठी वाट झाली.

आमच्या विद्यार्थिनीला लेखी परीक्षेचे बोलावणे आले आहे. नोकरी अजून दूर आहे. पण यावेळी कंपनीने तिचे म्हणणे वाचले, हे निश्चित. तुम्हीही उद्या कारखान्यात, कार्यालयात किंवा शाळेत अर्ज कराल. तेव्हा आपली गरज सांगण्यापूर्वी आपले काम सांगा, आणि ते खरे तेवढेच सांगा.