गप्पीचे बाळंतपण

खैरलांजीच्या आमच्या घरी काचेच्या टाकीत गप्पी मासे आहेत. गप्पी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देते. मादी गाभण आहे हे ओळखणे सोपे. पोटाच्या मागील टोकाशी असलेला डाग गडद होत जातो आणि दिवस भरत आले की पोट बाजूने चौकोनी दिसू लागते. साधारण चार आठवड्यांत ती विते. नर दूर केला तरी पुढे कित्येक महिने वीत राहते, कारण एका मीलनाचे बीज ती शरीरात साठवून ठेवते.

अशा मादीला जाळीच्या डब्यात कोंडण्याची रीत मला पटत नाही. त्याने ती बिथरते. आडोसा हवा तो पिल्लांना, कारण आईच त्यांना गिळते. (यात क्रौर्य कसले? तिला हलणारे भक्ष्य दिसते, एवढेच.) हायड्रिलाचे दाट झुबके सोडावेत, मादीला पोटभर खाऊ घालावे, पाणी थोडे थोडेच बदलावे.

पिल्ले फार झाली की गावच्या बोडीत सोडण्याचा मोह होतो. गप्पी डासांच्या अळ्या खाते. परंतु दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा देशी माशांची अंडीही सोडीत नाही. म्हणून जास्तीची पिल्ले मी शेजारच्या मुलांना बरणीतून देतो.